न उरलेला आवाज : बडी बोल्डनचा शोध

५ जून १९०७ रोजी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, जॅक्सन नावाच्या लहानशा गावातल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात एक तरुण दाखल झाला. नाव चार्ल्स बोल्डन. वर्णाने काळा. वयाची तीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. आजाराचे कारण म्हणून कागदोपत्री दारूचा उल्लेख झाला. पुढची चोवीस वर्षे तो तिथेच राहिला आणि ४ नोव्हेंबर १९३१ रोजी तिथेच वारला. त्याचा देह न्यू ऑर्लिन्सला आणून होल्ट नावाच्या दफनभूमीत पुरण्यात आला. ही गोरगरिबांची दफनभूमी. कबरीवर नावाचा दगड बसला नाही, आणि काही वर्षांत ती कबर नेमकी कुठे होती हेही कुणाला सांगता येईना.

या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९३९ साली, 'जॅझमेन' नावाचे एक पुस्तक निघाले. फ्रेडरिक रॅम्से आणि चार्ल्स एडवर्ड स्मिथ यांनी ते संपादित केले होते. जॅझचा इतिहास गांभीर्याने सांगू पाहणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात जॅझच्या वंशवेलीच्या मुळाशी जे नाव होते ते याच माणसाचे : बडी बोल्डन, कॉर्नेटवादक, न्यू ऑर्लिन्स. तिथपासून आजवर जॅझवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या दारावरून जावे लागते. अडचण एवढीच, की दार वाजवले तर आतून आवाज येत नाही. बोल्डनची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्याने लिहून ठेवलेली एकही स्वरलिपी नाही. त्याची मुलाखत कुणी घेतली नाही. उरले आहे ते एक छायाचित्र, शहराच्या दप्तरातल्या काही नोंदी, आणि त्याला ऐकलेल्या माणसांनी तीस-चाळीस वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणी.

ज्याचे वादन आज जिवंत असलेल्या एकाही माणसाने ऐकलेले नाही, त्याचे आकर्षण शंभर वर्षांहून अधिक काळ का टिकावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी तो ज्या शहरात वाजवत होता, त्या शहरात जायला हवे.

*

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचे बंदर. १९०० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २,८७,१०४ भरली. आधी फ्रेंच, मग स्पॅनिश, पुन्हा फ्रेंच आणि १८०३ पासून अमेरिकन अशा राजवटी या शहराने पाहिल्या. त्यामुळे तिथली काळी माणसे एकाच मुशीतली नव्हती. कॅनल नावाचा रुंद रस्ता शहराचे दोन भाग करतो. त्याच्या एका अंगाला, जुन्या फ्रेंच वस्तीत आणि तिच्या आसपास, 'क्रिओल' म्हणवणारी मिश्रवंशीय कुटुंबे राहत. फ्रेंच बोलणारी, कॅथलिक, कारागिरीत तरबेज. यांची मुले शिक्षकांकडे जाऊन संगीत शिकत, स्वरलिपी वाचत. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, 'अपटाउन' भागात, गुलामगिरी संपल्यावर आसपासच्या उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांतून आलेली इंग्रजी बोलणारी बाप्टिस्ट कुटुंबे होती. हमाली, गाडी हाकणे, धुणीभांडी, गवंडीकाम यांवर त्यांचे पोट चाले.

या दोन्ही समाजांना बँड मात्र हवाच असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर पितळी वाद्ये सर्वत्र पसरली होती. काळ्यांना विमा कंपन्या दारात उभे करीत नसत, म्हणून त्यांनी परस्पर साहाय्याची मंडळे काढली होती. सभासद आजारी पडला तर औषधपाणी, मेला तर साजेसे दफन, आणि त्या दफनाला बँड. शिवाय सहली, नाच, मिरवणुका. वादकाला काम होते; पण एवढ्यावर पोट भरण्याइतके नव्हते, म्हणून बहुतेक वादक दिवसा दुसरे काही करीत.

चार्ल्स जोसेफ बोल्डनचा जन्म अपटाउनमध्ये ६ सप्टेंबर १८७७ रोजी झाला. तो सहा वर्षांचा असताना वडील न्यूमोनियाने गेले. आई अ‍ॅलिसने त्याला आणि धाकट्या कोराला वाढवले. फर्स्ट स्ट्रीटवरच्या ज्या घरात त्याची बरीचशी वर्षे गेली, ते आजही उभे आहे. एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही, अशी तिथल्या गरीब वस्तीतली ठरावीक लाकडी बांधणी. कॉर्नेट त्याच्या हातात आली ती १८९४ च्या सुमारास, म्हणजे सतराव्या वर्षी. मॅन्युएल हॉल नावाच्या, आईच्या परिचयातल्या माणसाने त्याला धडे दिले. आठव्या-दहाव्या वर्षी गुरूकडे बसलेल्या क्रिओल मुलांच्या मानाने ही सुरुवात उशिराची होती.

कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचे जवळचे भावंड. दोन्हींना तीन कळा, दोन्ही ओठांच्या कंपनावर वाजतात. कॉर्नेटची नळी अधिक वेटोळी घेतलेली आणि तोंडाकडून कर्ण्याकडे हळूहळू रुंदावत गेलेली असते, त्यामुळे सूर थोडा गोल, मऊ येतो आणि हात झपाट्याने फिरतो. त्या काळच्या बँडमध्ये मुख्य चाल हीच वाजवी. गायनात जी जागा गवय्याची, ती बँडमध्ये कॉर्नेटवाल्याची.

*

बोल्डन वाढत होता ती वर्षे लुइझियानातल्या काळ्या माणसांच्या दृष्टीने फार वाईट होती. १८९० साली राज्याने आगगाडीत गोऱ्या-काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्याच होमर प्लेसी या क्रिओल माणसाने मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसून त्याला आव्हान दिले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेसीच्या विरुद्ध निकाल दिला आणि वर्णभेदाला पुढच्या अर्ध्या शतकासाठी कायद्याचे कवच मिळाले. १८९८ मध्ये राज्याची नवी घटना आली. १८९६ मध्ये राज्यात नोंदलेले काळे मतदार सुमारे १,३०,००० होते; १९०० मध्ये ५,३२० उरले. त्याच वर्षी जुलैमध्ये रॉबर्ट चार्ल्स नावाच्या काळ्या माणसाची पोलिसांशी चकमक झाली आणि त्यानंतर गोऱ्या जमावांनी शहरात अनेक दिवस धुमाकूळ घातला. काळी माणसे दिसतील तिथे मारली गेली, लॅफॉन या नावाची त्यांची शाळा जाळली गेली. बोल्डन तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि त्याचा बँड नावारूपाला येत होता.

ही पार्श्वभूमी सांगायचे कारण असे, की बोल्डनच्या संगीताची गोष्ट पुष्कळदा 'मौजमजेचे शहर' या थाटात सांगितली जाते. वेश्यावस्ती, दारूचे गुत्ते आणि तिथे जन्मलेले जॅझ. न्यू ऑर्लिन्सची स्टोरीव्हिल ही कायद्याने आखून दिलेली वेश्यावस्ती १८९८ ते १९१७ या काळात होती हे खरे. पण बोल्डनचा बँड मुख्यतः वाजवत होता तो मंडळांच्या हॉलमध्ये, बागांमध्ये, सहलींमध्ये. त्याचे श्रोते म्हणजे आठवडाभर राबून शनिवारी रात्री नाचायला येणारी त्याच्याच वस्तीतली माणसे. मत गेले, आगगाडीतली जागा गेली, रस्त्यावर जिवाची शाश्वती नाही. हॉलच्या चार भिंतींच्या आत मात्र रात्र त्यांची होती.

यांतला सर्वांत गाजलेला हॉल पर्डिडो रस्त्यावर होता. 'युनियन सन्स' या साहाय्य मंडळाची ती वास्तू. लोकांच्या तोंडी तिचे नाव 'फंकी बट हॉल'. हे नाव बोल्डनच्याच एका चावट गाण्यावरून पडले. शनिवारी रात्री इथे पहाटेपर्यंत नाच चाले आणि रविवारी त्याच जागेत बाप्टिस्ट मंडळींची प्रार्थना भरे. याच वस्तीत वाढलेल्या, १९०१ साली जन्मलेल्या एका पोराने पुढे आठवण सांगितली, की लहानपणी आपण हॉलबाहेर बोल्डनला ऐकले होते. त्या पोराचे नाव लुई आर्मस्ट्राँग.

*

बोल्डन नेमके काय वेगळे करीत होता? इथे आपल्याला आठवणींवरच विसंबावे लागते, आणि त्या तपासून घ्याव्या लागतात.

त्याच्या बँडची रचना पाहू. कॉर्नेट, कळांचा ट्राँबोन, एक किंवा दोन क्लॅरिनेट, गिटार, मोठा उभा बास आणि ढोल. रस्त्यावरच्या मिरवणुकीतला पितळी बँड आणि घरगुती नाचातला तंतुवाद्यांचा ताफा यांचा हा मिलाफ होता. शहरात त्याचा प्रतिस्पर्धी होता जॉन रॉबिशो. त्याच्या वाद्यवृंदात व्हायोलिन अग्रभागी, वादक बहुतेक क्रिओल, सर्वांसमोर स्वरलिपीचे कागद. श्रीमंत गोऱ्यांच्या नाचांची निमंत्रणे त्याला येत. बोल्डनच्या बँडमध्ये गाणी कानाने बसवली जात. बोल्डनला कागद वाचता येत असे की नाही यावर आठवणींत मतभेद आहेत. पण त्याच्या मंचावर कागदाला मान नव्हता याबद्दल एकमत आहे.

ट्राँबोनवादक किड ऑरी याच्या आठवणीनुसार बोल्डनने आपल्या चाली बाप्टिस्ट चर्चमधून उचलल्या. तिथे लोक टाळ्या वाजवत, अंगात आल्यासारखे डोलत, एकाच ओळीला प्रत्येक जण आपापले वळण देत गात. दुसऱ्या बाजूला होते ब्लूज : मळ्यांतून, धक्क्यांवरून, एकट्या माणसाच्या तोंडून आलेले संथ, दुखरे गाणे. आजवर ते गिटारवर किंवा नुसत्या गळ्यावर होते. बोल्डनने ते कॉर्नेटवर आणले आणि नाचाच्या हॉलमध्ये, संपूर्ण बँडसह, वाजवले. संध्याकाळी वॉल्ट्झ, मझुर्का, क्वाड्रिल असे युरोपीय नाच होत. रात्र चढली, सभ्य मंडळी घरी गेली, की बँड मंद होई आणि ब्लूज सुरू होई.

जॉर्ज बॅके हा क्रिओल क्लॅरिनेटवादक. घराणे संगीतकारांचे, शिक्षण रीतसर. १९०५ च्या सुमारास एका रात्री तो बोल्डनला ऐकायला गेला. त्याने पुढे सांगितले, की बोल्डनने 'मेक मी अ पॅलेट ऑन द फ्लोअर' हे गाणे सुरू केले आणि सगळा हॉल ओरडत उठला. असे काही आपण त्याआधी ऐकलेच नव्हते, आणि त्या रात्रीनंतर कागदापुरते वाजवणे आपल्याला पुरेना. ही साक्ष महत्त्वाची आहे, कारण ती मित्राची नाही. जी माणसे अपटाउनच्या वादकांना अडाणी समजत, त्यांच्यातला एक जण कॅनल स्ट्रीट ओलांडून आला आणि परत जाताना वेगळाच होऊन गेला. जॅझ ज्याला म्हणतात त्यात क्रिओलांची रियाजी सफाई आणि अपटाउनचा उत्कट, मोकळा स्वर या दोहोंची सरमिसळ आहे. ती सरमिसळ होताना दिसते ती अशा रात्रींत.

त्या काळी 'जॅझ' हा शब्द मात्र कुणी वापरत नव्हते. संगीताच्या संदर्भात तो रूढ झाला बोल्डन इस्पितळात गेल्यानंतर कित्येक वर्षांनी. बोल्डनचे लोक आपल्या संगीताला 'रॅगटाइम' म्हणत. म्हणून 'जॅझचा जनक' ही पदवी त्याला देताना जरा थांबावे लागते. एक माणूस एका रात्री संगीताचा नवा प्रकार जन्माला घालत नसतो. बोल्डनच्या आधीही मिरवणुकांतले बँड चालींशी खेळत होते आणि त्याच्याच काळात अनेक जण त्याच वाटेवर होते. २००१ साली केन बर्न्स याच्या दूरचित्रवाणी मालिकेत ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिसने 'बिग फोर' नावाचा ढोलाचा एक ठेका बोल्डनच्या नावावर मांडून दाखवला. तो ठेका न्यू ऑर्लिन्सचाच आहे आणि मार्सालिसने तो वाजवलाही झकास. पण तो बोल्डननेच काढला असे म्हणायला त्या काळातला पुरावा नाही. बोल्डनबद्दल एवढे खात्रीने म्हणता येते, की ही सगळी प्रवाहात असलेली सामग्री ज्याच्या हाती पहिल्यांदा लोकांना ओळखू येईल अशी एकजीव झाली, म्हणून ज्याचे नाव लोकांच्या लक्षात राहिले, तो माणूस हा होता.

आणि त्याचा आवाज. तो किती मोठा होता याच्या कथा आहेत. शहराच्या टोकाला लिंकन पार्क आणि जॉन्सन पार्क अशा शेजारी शेजारी दोन बागा होत्या. रॉबिशो लिंकन पार्कमध्ये वाजवत असला, की बोल्डन जॉन्सन पार्कमधून कॉर्नेट त्या दिशेला रोखे आणि 'पोरांना घरी बोलावतो' म्हणून अशी फुंक मारी, की रॉबिशोचे श्रोते कुंपणापलीकडे चालू लागत. आवाज कुणी दोन मैलांवर ऐकला, कुणी दहा-बारा मैलांवर. मोटारी नसलेल्या, सखल, शांत शहरात रात्री पितळेचा सूर दूर जाईल हे खरेच. बारा मैल मात्र जाणार नाही. पण आठवण सांगणारा माणूस इथे अंतर मोजत नव्हता. त्या आवाजाने आपल्याला कुठून उठवून आणले, हे तो सांगत होता.

*

१९०५ च्या सुमारास बोल्डन कीर्तीच्या शिखरावर होता. लोक त्याला 'किंग' म्हणत. पुढच्याच वर्षी सारे ढासळले. १९०६ च्या वसंतात त्याचे डोके असह्य दुखू लागले, संशय आणि भीती यांनी त्याला घेरले. मार्चमध्ये तो अंथरुणावर असताना, सासू आपल्याला विष घालते आहे असे वाटून त्याने तिच्या डोक्यात पाण्याचा जग घातला. त्याला अटक झाली आणि शहरातल्या वर्तमानपत्रांत त्याची छोटीशी बातमी आली.

या बातमीपाशी थोडे थांबावे असे वाटते. बोल्डन दहा वर्षे या शहरात वाजवत होता, शेकडो माणसे त्याच्यासाठी गर्दी करीत होती, आणि त्या काळात वर्तमानपत्रांनी त्याच्या वादनाची दखल घेतल्याचे सापडत नाही. छापील कागदावर त्याचे नाव आले ते वेडाच्या भरात हात उगारला तेव्हा. राजा म्हणून त्याची नोंद वस्तीतल्या माणसांच्या जिभेवर होती. गुन्हेगार आणि वेडा म्हणून ती दप्तरात होती. दप्तर टिकले आणि जिभा एकेक करून गप्प झाल्या. बोल्डनच्या इतिहासाची सगळी गोची इथे आहे.

सप्टेंबर १९०६ च्या कामगार दिनाच्या मोठ्या मिरवणुकीतून तो मधेच बाहेर पडला, असे सांगतात. त्यानंतर त्याने लोकांसमोर वाजवल्याची आठवण नाही. त्याच महिन्यात दुसरी अटक, मार्च १९०७ मध्ये तिसरी, आणि मग जॅक्सन. बँड ट्राँबोनवाल्या फ्रँकी डूसेनकडे गेला आणि 'ईगल बँड' या नावाने चालू राहिला. घरी पत्नी नोरा आणि लहान मुलगी होती. इस्पितळाने निदान केले ते 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' असे. आज त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. त्यावर तेव्हा औषध नव्हते. १९२५ मधल्या तपासणीच्या नोंदीत तो प्रश्नांना बरी उत्तरे देतो, पण स्वतःशी बोलतो, त्याला भास होतात, भिंतीवरून काहीतरी वेचत राहतो, अशी माहिती आहे. संगीताचा त्यात मागमूस नाही.

बाहेर मात्र याच काळात त्याचे संगीत जग पालथे घालत होते. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॅझची पहिली मानली जाणारी ध्वनिमुद्रिका झाली. वादक न्यू ऑर्लिन्सचेच, पण गोरे. १९२३ मध्ये कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरचा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंडला ध्वनिमुद्रणासाठी गेला. त्याच्या शेजारी दुसरी कॉर्नेट घेऊन तरुण आर्मस्ट्राँग उभा होता. ऑगस्ट १९३१ मध्ये, बोल्डनच्या तीनच महिने आधी, आयोवाचा गोरा कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक अठ्ठाविसाव्या वर्षी दारूपायी गेला. तोही दंतकथा झाला. पण त्याच्या तबकड्या घराघरांत होत्या, दंतकथा पडताळून पाहायची सोय होती. बोल्डनच्या बाबतीत ती नव्हती.

*

पडताळणी नसली की गोष्ट वाढते. 'जॅझमेन'मधला बोल्डन न्हाव्याचे दुकान चालवतो, 'क्रिकेट' नावाचे गावगप्पांचे पत्रक छापतो, रात्री दारू पितो, बायकांच्या घोळक्यात राहतो आणि एके दिवशी भर मिरवणुकीत वाजवता वाजवता वेडा होतो. ही माहिती बरीचशी बंक जॉन्सन या म्हाताऱ्या ट्रम्पेटवादकाकडून आली होती. आपण १८७९ साली जन्मलो आणि पोरवयात बोल्डनच्या बँडमध्ये वाजवले असे तो सांगे. पुष्कळ संशोधकांच्या मते त्याचा जन्म त्यानंतर दहाएक वर्षांनी झाला असावा. तसे असेल तर बोल्डनच्या भरातल्या दिवसांत तो लहान मूल होता. बंक निव्वळ थापाड्या नव्हता. त्याला त्या संगीताची नस माहीत होती आणि ऐकणाऱ्यांना काय हवे आहे हेही माहीत होते.

हे धुके हटवले डोनाल्ड मार्क्विस याने. त्याने वर्षानुवर्षे न्यू ऑर्लिन्सच्या रहिवाशांच्या वार्षिक याद्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, पोलिसांची दप्तरे, न्यायालयाची कागदपत्रे आणि इस्पितळाच्या वह्या चाळल्या. ट्युलेन विद्यापीठात १९५८ पासून जुन्या वादकांच्या मुलाखतींचा संग्रह होत होता, तो ताडून पाहिला. १९७८ मध्ये त्याचे 'इन सर्च ऑफ बडी बोल्डन' हे पुस्तक आले. त्यातून दिसला तो बोल्डन वेगळा होता. तो न्हावी नव्हता. न्हाव्याच्या दुकानात वादक जमत, कामे ठरत, म्हणून तोही तिथे बसे. त्याने पत्रक काढल्याचा पुरावा नाही. याद्यांमध्ये त्याचा व्यवसाय आधी भिंतींना गिलावा करणारा, पुढे संगीतशिक्षक आणि वादक असा आहे. एका क्षणात वेड लागण्याची नाट्यपूर्ण घटना घडली नाही. वर्षभर हळूहळू, घरच्यांच्या डोळ्यांदेखत, आजार वाढत गेला.

मार्क्विसचे काम वाचताना एक गोष्ट जाणवते. दंतकथा खोडून काढली म्हणजे माणूस लहान होतो असे आपल्याला वाटते. इथे उलटे झाले. दंतकथेतला बोल्डन गोऱ्या रसिकाच्या मनातला उनाड काळा कलावंत होता : अडाणी, दारुडा, झपाटलेला, म्हणून प्रतिभावान. कागदांतला बोल्डन एका विधवेचा मुलगा आहे, दिवसा चुना कालवणारा, सतराव्या वर्षी वाद्य हातात घेऊन दहा वर्षांत शहराचे कान फिरवणारा. पहिल्याच्या बाबतीत संगीत हे वेडाचे फळ ठरते, दुसऱ्याच्या बाबतीत ते कामाचे.

मार्क्विसच्या दोन वर्षे आधी, १९७६ मध्ये, श्रीलंकेत जन्मलेले कॅनडाचे लेखक मायकेल ओंडाटजी यांची 'कमिंग थ्रू स्लॉटर' ही बोल्डनवरची कादंबरी आली होती. स्लॉटर हे जॅक्सनच्या वाटेवरचे गाव. कादंबरीत न्हाव्याचे दुकान आहे, पत्रक आहे, मिरवणुकीतले वेडही आहे. कादंबरीकाराला तो अधिकार आहेच. मात्र वाचकांच्या मनात आजही बऱ्याचदा हाच बोल्डन असतो. २०१९ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला, त्याला संगीत मार्सालिसचे. प्रत्येक पिढी त्या रिकाम्या जागेत आपल्याला हवा तो सूर भरते.

*

त्या एका छायाचित्राकडे शेवटी वळू. सहा माणसे, उत्तम कपड्यांत, आपापली वाद्ये घेऊन. मागे उभा असलेला, हातात कॉर्नेट घेतलेला बोल्डन. ट्राँबोनवादक विली कॉर्निशने ते जपून ठेवले होते आणि 'जॅझमेन'साठी दिले. पुढे मूळ प्रत हरवली. छापील प्रती पाहून अभ्यासक आजही वाद घालतात, की चित्र उजवे छापले आहे की उलटे; कारण कसेही छापले तरी कुणा ना कुणा वादकाचे हात उलट्या बाजूला जातात.

याच कॉर्निशने सांगितले होते, की १८९८ च्या आधी कधीतरी बँडने मेणाच्या नळकांड्यावर एक ध्वनिमुद्रण केले होते. चार्ल्स एडवर्ड स्मिथने त्याचा पुष्कळ शोध घेतला. ते सापडले नाही. त्या काळचे तपकिरी मेण मऊ असे; प्रत्येक वाजवण्यात थोडे झिजे, दमट हवेत त्याला बुरशी लागे, आणि न्यू ऑर्लिन्सची हवा बारा महिने दमट. नळकांडे सापडले असते तरी त्यात दोनेक मिनिटांचा खरखरता, कर्ण्यातून आलेला बारीक सूर मिळाला असता. आपली निराशाच झाली असती का? बहुधा नाही. ब्लूजमधली एखादी मींड, एखादा ओढून धरलेला स्वर ओळखू आला असता, आणि पुष्कळ वाद मिटले असते. ते नळकांडे नाही याची खंत खरी आहे. त्या खंतीला रोमँटिक रंग देण्याचे कारण नाही.

पण ते नाही म्हणून आपल्याला दुसऱ्या एका साठ्याकडे वळावे लागते, आणि तो मोलाचा आहे. गवंडी, हमाल, न्हावी, मोलकरणी, म्हातारे बँडवाले : ज्यांना मतपत्रिकेतून, आगगाडीतून आणि वर्तमानपत्रातून बाहेर काढले होते, त्यांनी एक आवाज तीस-चाळीस वर्षे कानात जपला. जेली रोल मॉर्टनने १९३८ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी अ‍ॅलन लोमॅक्ससमोर आठवणी सांगताना बोल्डनची चाल वाजवून दाखवली आणि पुढच्या वर्षी ती तबकडीवरही आणली. फंकी बट हॉलमधल्या त्या गाण्याच्या शब्दांतच बोल्डन काय म्हणाला ते ऐकल्याचा दावा आहे. आज कुठलाही जॅझवादक ते गाणे घेतो तेव्हा तो एका ऐकलेल्याची गोष्ट पुढे सांगत असतो. ऑलिव्हरने ऐकले, आर्मस्ट्राँगने ऑलिव्हरला ऐकले, आणि आर्मस्ट्राँगला साऱ्या जगाने. स्वर असा हातोहात आला आहे.

होल्ट दफनभूमीत १९९८ साली बोल्डनच्या नावाचा एक स्मृतिस्तंभ उभारला गेला. कबर सापडलेली नसल्यामुळे तो अंदाजानेच उभा आहे. न्यू ऑर्लिन्सचे बँडवाले आजही मिरवणुकीने मृतांना पोचवतात, आणि परत येताना संथ चाल सोडून नाचरी चाल धरतात. पुढे कॉर्नेट किंवा ट्रम्पेट असते. पहिली फुंक पडली, की आजूबाजूच्या घरांतली माणसे ओट्यांवर येतात, पोरे रस्त्यावर उतरतात आणि बँडच्या मागे चालू लागतात.